चौदा इंचावरून सोळा इंचावर: टायर साईझ जुळवणाऱ्या तीन साईट्सचं परीक्षण

मारुती स्विफ्टच्या बेस मॉडेलला कंपनीकडून १६५/८० आर १४ टायर येतो, वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५. बेस मॉडेल घेणाऱ्यांपैकी अनेकांना वर्षा-दोन वर्षांत अलॉयचे (मिश्रधातूच्या रिमचे) वेध लागतात आणि टायरच्या दुकानात १९५/५५ आर १६ किंवा थेट १७ इंचाची गोष्ट निघते. त्याआधी मोबाईलवर टायर साईझ कॅल्क्युलेटर उघडला जातो, हिरवी खूण दिसते आणि ॲडव्हान्स दिला जातो. ही हिरवी खूण नेमकं काय सांगते, हे बघण्यासाठी स्विफ्टचाच बदल टायरसाईज डॉट कॉम, विल दे फिट आणि व्हील-साईज डॉट कॉम या तीन साईट्सवर ताडून पाहिला. तिन्ही फुकट आहेत आणि तिन्हींचं गणित बरोबर आहे. फरक आहे तो कोणती साईट तुम्हाला काय विचारते यात. जी साईट कमी विचारते ती वापरायला सोपी वाटते, आणि घोळ तिथेच होतो.

आधी गणित. १६५/८० आर १४ मध्ये १६५ ही टायरची रुंदी मिलीमीटरमध्ये, ८० म्हणजे साईडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या ८० टक्के, आणि १४ हा रिमचा व्यास इंचात. साईडवॉल १६५ × ०.८० = १३२ मिमी. वर-खाली मिळून २६४. रिम १४ × २५.४ = ३५५.६. एकूण व्यास ६१९.६ मिमी. याच पद्धतीने १८५/६५ आर १५ चा व्यास ६२१.५ येतो, १९५/५५ आर १६ चा ६२०.९, २०५/४५ आर १७ चा ६१६.३. मूळ टायरपासून सगळे एक टक्क्याच्या आत. म्हणून कुठल्याही कॅल्क्युलेटरवर ही तिन्ही मापं पास होतात. उलट १८५/६० आर १५ (६०३ मिमी, २.७ टक्के लहान) किंवा २०५/५५ आर १६ (६३१.९ मिमी, २ टक्के मोठा) टाकून बघा, लगेच फरक दिसतो. हे दोन्ही टायर बाजारात सहज मिळतात आणि दुकानात स्टॉक पडून असेल तर 'चालतंय की' म्हणून दाखवलेही जातात.

या कामासाठी टायरसाईज डॉट कॉम सर्वांत जलद. दोन मापं टाका, शेजारी शेजारी तक्ता येतो: व्यास, रुंदी, साईडवॉल, परीघ, फेरे, टक्केवारीतला फरक. साईट अमेरिकी आहे, त्यामुळे इंच आणि मैल आधी येतात, याची सवय करावी लागते. तिची खरी किंमत मात्र त्या तक्त्यात नाही. प्रत्येक मापाच्या स्वतंत्र पानावर तो टायर किती रुंदीच्या रिमवर चढवायला मान्य आहे ते दिलेलं असतं. १९५/५५ आर १६ ला ५.५ ते ७ इंच, २०५/४५ आर १७ ला ६.५ ते ७.५. ही ओळ बहुतेक जण वाचतच नाहीत. वापरलेले अलॉय स्वस्तात मिळाले आणि त्यांची रुंदी ७.५ जे (म्हणजे ७.५ इंच) निघाली, तर त्यावर १९५/५५ चढवला की साईडवॉल दोन्ही बाजूंना ताणली जाते. रिमची कड टायरच्या बाहेर येते आणि पहिल्याच खड्ड्याचा मार थेट कडेला बसतो. याउलट फार अरुंद रिमवर रुंद टायर बसवला तर टायरचं पोट बाहेर येतं, वळणावर गाडी लुळी वाटते आणि टायर मधोमध जास्त झिजतो.

या परिघाच्या आकड्याबद्दल एक सूचना. सगळे कॅल्क्युलेटर टायर अगदी गोल धरून परीघ काढतात. प्रत्यक्षात गाडीच्या वजनाने टायर खाली थोडा दबतो, आणि एका फेऱ्यात कापलं जाणारं अंतर त्या परिघापेक्षा साधारण ३ टक्क्यांनी कमी भरतं. दोन टायरची तुलना करताना याने बिघडत नाही, कारण दोन्हींत ती घट सारखीच. पण 'किलोमीटरला इतके फेरे' हा आकडा घेऊन कुणी मीटर तपासायला बसलं तर चुकणार. शिवाय नवा टायर ७-८ मिमी नक्षीचा असतो आणि कायद्याने १.६ मिमीपर्यंत वापरता येतो. म्हणजे झिजून झिजून व्यास अकरा ते तेरा मिमीने उतरतो. स्विफ्टच्या टायरला हे साधारण २ टक्के होतात. तेव्हा ०.२ टक्के की ०.५ टक्के यावर रात्र जागवण्यात अर्थ नाही.

दोन-तीन टक्क्यांची मर्यादा मात्र पाळावी, आणि तीही शक्यतो लहान व्यासाच्या बाजूने. कारण साधं आहे. मोठ्या व्यासाचा टायर तेवढ्याच फेऱ्यांत जास्त अंतर जातो, मीटर मात्र फेरेच मोजतो. २०५/५५ आर १६ लावल्यावर आधी जिथे खरा वेग १०० होता, तिथे मीटरवर तोच आकडा असताना तो १०२ होतो. कंपन्या मीटर मुळातच थोडा पुढे ठेवतात, कारण नियमानुसार मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवून चालत नाही. ती राखीव जागा आपण खाऊन टाकतो. महिंद्रा थारमध्ये हे जास्त दिसतं. २४५/७५ आर १६ (७७३.९ मिमी) काढून २६५/७५ आर १६ (८०३.९ मिमी) लावले की ३.९ टक्क्यांचा फरक. मग 'टायर बदलल्यापासून ॲव्हरेज पडलं' ही तक्रार ठरलेली. त्यातला काही भाग खरा, टायर जड आणि रुंद झाल्यामुळे. पण ओडोमीटरही आता १०० किलोमीटर दाखवतो तेव्हा गाडी जवळपास १०४ गेलेली असते. टाकी ते टाकी पद्धतीने १२ आलेलं ॲव्हरेज प्रत्यक्षात १२.५ असतं.

व्यासाचं प्रकरण इथे संपतं, आणि ते या सगळ्यातलं सर्वांत सोपं प्रकरण आहे. अलॉय बसेल की घासेल हे ठरतं रिमची रुंदी आणि ऑफसेट यांवर, आणि त्यासाठी विल दे फिट ही साईट कामाची. ती टायरच्या तीन आकड्यांबरोबर रिमची रुंदी आणि ऑफसेटही मागते, आणि जुनं-नवं चाक एकावर एक ठेवून चित्र काढून दाखवते. चाक बाहेर किती येईल, आत शॉकअबकडे (शॉक ॲब्सॉर्बरकडे) किती सरकेल, मडगार्डच्या कमानीतली जागा किती कमी होईल, हे सगळं मिलीमीटरमध्ये.

ऑफसेट, म्हणजे रिमची मधली रेषा आणि गाडीला टेकणारा तिचा पृष्ठभाग यांच्यातलं मिमीमधलं अंतर, रिमवर ईटी म्हणून छापलेला आकडा. तो समजायला एक उदाहरण पुरे. समजा मूळ रिम ५ जे ईटी ४५ आहे आणि नवी ६.५ जे ईटी ४०. रुंदी दीड इंचाने, म्हणजे ३८.१ मिमीने वाढली. तिची निम्मी, १९ मिमी, प्रत्येक बाजूला जाते. ईटी ५ ने कमी झाल्यामुळे सगळी रिम ५ मिमी बाहेर सरकली. तर बाहेरची कड २४ मिमी बाहेर आणि आतली कड १४ मिमी आत. याऐवजी ६ जे ईटी ४५ घेतली तर दोन्हीकडे फक्त १२.७ मिमी. १९५ रुंदीच्या टायरला ६ जे हीच मापाची रिम आहे, तेव्हा स्विफ्टसारख्या गाडीला हीच निवड शहाणपणाची. दुकानात ६.५ आणि ७ जे जास्त दिसतात, कारण त्या अनेक गाड्यांना चालवायच्या असतात.

इथे साईटचं एक उणेपण लक्षात ठेवावं. तिचे हे आकडे रिमच्या कडेचे आहेत. टायरचं पोट कडेच्या बाहेर असतं, आणि ते किती असतं हे टायरच्या ब्रँडवर आणि रिमच्या रुंदीवर ठरतं. रिम अर्धा इंच रुंद केली की त्याच टायरची रुंदी साधारण ५ मिमीने वाढते. एकाच मापाचे दोन ब्रँड शेजारी उभे केले तर खांद्याच्या आकारातही फरक दिसतो. म्हणून साईटवर आत ८-१० मिमी जागा उरतेय असं दिसलं तर प्रत्यक्षात ती ५ समजावी.

आणि आत नेमकी किती जागा आहे हे कुठल्याच साईटला माहीत नाही. ते गाडीखाली वाकूनच बघायला लागतं. जुनं चाक चढलेलं असताना टायर आणि शॉकअब यांच्यामध्ये कणकेची गोळी दाबा, काढून तिची जाडी मोजा. हीच युक्ती नव्या अलॉयचे स्पोक आणि ब्रेक कॅलिपर (चाकाच्या आतला ब्रेकचा चिमटा) यांच्यासाठीही: गोळी कॅलिपरवर चिकटवा, अलॉय हाताने बसवून दोन नट लावा, काढा, मोजा. ३ मिमीपेक्षा कमी भरली तर ती रिम परत करा. मोठ्या रिममध्ये कॅलिपर सहसा अडत नाही, पण स्पोक आतल्या बाजूला फुगीर असले तर सोळा इंचातही अडतो. सोळावरून पंधरावर उतरणाऱ्यांनी हे न चुकता बघावं.

टायर घासायच्या जागा ठरलेल्या आहेत. पुढे, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायरची मागची कड मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला लागते. मागे, चार-पाच माणसं आणि सामान भरून गाडी खड्ड्यात आपटली की कमानीची दुमडलेली पत्र्याची कड टायर कापते. रिकाम्या गाडीने दुकानाबाहेर मारलेला फेरा यातलं काहीच दाखवत नाही. मागच्या सीटवर तिघांना बसवून, दोन्ही बाजूंना फुल लॉक मारून, एखाद्या उंच स्पीडब्रेकरवरून हळू नेल्याशिवाय जुने टायर दुकानदाराच्या ताब्यात देऊ नका.

तिसरी, व्हील-साईज डॉट कॉम, हिला कॅल्क्युलेटरपेक्षा कोश म्हणणं बरोबर. गाडी, वर्ष आणि बाजारपेठ निवडली की कंपनीने दिलेली सगळी टायरमापं, पीसीडी (नटांच्या भोकांची संख्या आणि ती ज्या वर्तुळावर असतात त्याचा मिमीमधला व्यास), मधल्या भोकाचा व्यास, नटाचे आटे आणि ऑफसेट एकत्र मिळतात. बाजारपेठ भारतच निवडली आहे ना, हे दोनदा बघा. स्विफ्ट नावाची गाडी युरोप-जपानमध्येही विकली जाते आणि तिथली चाकं वेगळी असू शकतात. मिळालेला आकडा गाडीच्या मॅन्युअलशी आणि ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरशी ताडून घ्यावा. तरीही दुकानात जाण्याआधी दहा मिनिटं घालवायची असतील तर ती याच साईटवर घालवावीत. 'कॅल्क्युलेटर' म्हणून शोधणाऱ्यांना ती सहसा शेवटी सापडते, ही अडचण.

पीसीडीबद्दल दुकानात 'हंड्रेडचं आहे, बसेल' एवढंच बोललं जातं. स्विफ्ट, बलेनो, आय२०, होंडा सिटी यांचं माप ४ × १००. फोक्सवॅगन पोलोचं ५ × १००. दोन्ही 'हंड्रेड'च, पण भोकं चार आणि पाच. फियाट पुंटोचं ४ × ९८, आणि खरा धोका इथे आहे, कारण ९८ आणि १०० मधला फरक डोळ्यांना दिसत नाही. नट ओढून घट्टही होतात, मग स्टडवर (नट ज्या आटेदार दांड्यांवर चढतात त्यांवर) तिरका ताण बसतो आणि नट ढिले होत राहतात. इकोस्पोर्टचं ४ × १०८. बाजारात आठ भोकांचे अलॉय मिळतात ते यासाठीच, चार भोकं १०० ची आणि चार १०८ ची. चालतात, पण नट कुठल्या चारांत चाललेत ते बघा.

मधलं भोक हा सर्वांत दुर्लक्षित आकडा. स्विफ्टच्या हबचा (चाकाच्या मधल्या भोकात बसणाऱ्या गाडीकडच्या भागाचा) व्यास ५४.१ मिमी. बाहेरचे अलॉय अनेक गाड्यांना चालावेत म्हणून भोक ७३.१ किंवा ६७.१ ठेवतात. मधल्या फटीत रिंग बसवायची असते, बाहेरून ७३.१ आणि आतून ५४.१ ची. ती बसवली नाही तर चाक फक्त नटांच्या आधाराने मध्यावर येतं, कधी नीट, कधी केसभर बाजूला. मग ८० ते १०० च्या वेगात स्टिअरिंग थरथरतं, मालक तीनदा बॅलन्सिंग करून घेतो आणि मशीनवर चाक दर वेळी बरोबरच निघतं, कारण मशीन त्याला स्वतःच्या शंकूवर मध्यावर धरतं. रिंग स्वस्त असते. अलॉयबरोबर चार रिंगा मागून घ्या, आणि पंक्चरवाल्याने चाक काढलं की ती हबवरच राहिली ना हे बघा.

तीनपैकी एकाही साईटचा कॅल्क्युलेटर जे ठळकपणे विचारत नाही ते म्हणजे लोड इंडेक्स. मापाच्या पुढे ८५टी, ८८एच असं जे छापलेलं असतं, त्यातला आकडा एका टायरने पेलायचं वजन सांगतो आणि अक्षर वेग. ८४ म्हणजे ५०० किलो, ८५ म्हणजे ५१५, ८७ म्हणजे ५४५, ८८ म्हणजे ५६०. १६५/८० आर १४ साधारणपणे ८५ मध्ये येतो. वर हिरव्या खुणेने पास झालेला २०५/४५ आर १७ साध्या बांधणीत ८४ चा असतो. टायर रुंद, दिसायला दणकट, महाग, आणि पेलतो मात्र मूळ टायरपेक्षा कमी. तो घ्यायचाच असेल तर एक्स्ट्रा लोड, म्हणजे एक्सएल छापलेला, ८८ चा घ्यावा आणि त्यात हवाही जास्त ठेवावी लागते. १९५/५५ आर १६ सहसा ८७ चा, म्हणजे बेस मॉडेलसाठी ठीक. अक्षरात टी १९०, एच २१०, व्ही २४० किमी प्रतितास. हे आपल्याकडे कुणी गाठत नाही, पण मूळच्या खाली जाऊ नये.

आता रस्त्याचा विचार. साईडवॉल चौदा इंचात १३२ मिमी, पंधरात १२०, सोळात १०७, सतरात ९२. हे चार आकडे कॅल्क्युलेटर निमूटपणे दाखवतो, त्यांचा अर्थ पावसाळ्यानंतर कळतो. साईडवॉल हीच गाडीची पहिली गादी. ती ९२ वर आली की पाण्याने भरलेल्या खड्ड्याची कड टायरला रिमवर चेपते, आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. फुगा आलेल्या टायरला दुरुस्ती नाही, कुणी पॅच मारून देतो म्हणालं तरी. शिवाय रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. कोकणात पावसाळाभर गाडी चालवणाऱ्याने १६५ वरून २०५ वर जाताना याचा विचार करावा.

आमच्या मते बेस स्विफ्टला उत्तम बदल १८५/६५ आर १५ हाच. व्यासात ०.३ टक्के फरक, लोड इंडेक्स ८८, साईडवॉल पुरेशी आणि मुख्य म्हणजे हे माप कंपनीनेच वरच्या मॉडेलला दिलेलं आहे. रिमवर पैसे घालायचेच नसतील तर जुन्याच डिस्कवर (लोखंडी रिमवर) १८५/७० आर १४. व्यास ६१४.६, म्हणजे ०.८ टक्के लहान, गाडी जेमतेम अडीच मिमी खाली बसते. मान्य रिम ४.५ ते ६ इंच, तेव्हा मूळ डिस्कवर तो रीतसर बसतो. पकड वाढल्याचं समाधान मिळतं आणि खर्च फक्त टायरचा. सोळा इंच दिसण्यासाठी घ्यायला हरकत नाही. सतरा या गाडीला घेऊ नये.

कंपनीच्या मापात राहण्याचा आणखी एक फायदा कागदोपत्री. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करायला मनाई करतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराचं माप लावलं तर वादाला जागा फार कमी उरते. अलॉय बाहेरून लावले असतील तर विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नोंदवून घ्या, नाहीतर दाव्याच्या वेळी त्यांची किंमत धरली जात नाही.

बसवतानाचं शेवटचं काम नटांचं. सुझुकीचे आटे १२ × १.२५ (स्टडचा व्यास × दोन आट्यांमधलं अंतर, मिमीमध्ये), ह्युंदाई आणि होंडाचे १२ × १.५. चुकीचा नट दोन फेरे सहज जातो, मग अडतो, आणि एअर गनवाला जोर लावून स्टडचे आटे मारून टाकतो. म्हणून पहिले चार-पाच फेरे हातानेच द्यायला सांगा. नट एकूण आठ ते दहा फेरे तरी आत गेला पाहिजे. अलॉयची बैठक जाड असल्यामुळे तो कमी गेला तर लांब नट लागतील. होंडाच्या मूळ नटाची बैठक गोल असते आणि बाहेरच्या अलॉयची शंकूसारखी, तिथे जुने नट वापरू नयेत. घट्ट करायचं ते टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर, आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. चौदा इंची लोखंडी स्टेपनी तशीच डिकीत राहू द्या. व्यास जुळत असल्यामुळे ती तात्पुरती चालते, मात्र अलॉयचे नट तिला बसत नसतील तर जुने चार नट पान्याच्या पिशवीतच ठेवावेत.